गळके घर : आधी पाणी शोधा, मग सिमेंट आणा

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीत आहे. आम्ही दोघे नोकरीमुळे मुंबईत आणि गावी आई एकटी. दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैतल्या एका रात्री तिचा फोन आला, "स्लॅबचा तुकडा पडला रे." आई रोज दुपारी ज्या जागी तांदूळ निवडत बसते, नेमक्या त्याच जागी तो पडला होता. रात्र होती म्हणून निभावले. आम्ही गावी गेलो तेव्हा आईने तो तुकडा जपून ठेवलेला होता. दुकानातल्या काट्यावर घातला तर साडेतीन किलो भरला.

तुकडा जिथून पडला तिथे वर पाहिले तर तांबडी, फुगलेली, पापुद्रे सुटलेली सळई दिसत होती. आमच्या डोक्यात पहिला विचार आला तो वाचकांपैकी पुष्कळांच्या डोक्यात येईल तोच : गवंडी बोलवावा आणि सिमेंट भरून घ्यावे. तो विचार चुकीचा होता. तो तसा का होता, हेच या लेखात सांगायचे आहे. आपल्या वाडीवाडीत आज तीस-पस्तीस वर्षांची स्लॅबची घरे उभी आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे.

हे घर वडिलांनी १९८६ साली बांधले. ते परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आणि हाती आलेल्या फंडाच्या पैशातून त्यांनी जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब घातला. ज्यांनी गवताच्या छपराखाली पावसाळे काढले त्यांना स्लॅब म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. त्यामुळे पाहुण्यांपैकी कोणी "पाडा आणि नवीन बांधा" असे सहज बोलून गेले की आईचे जेवणावरचे मन उडते. शिवाय पाडून बांधायला पैसा हवा. घरकुल योजना मुख्यतः ज्यांना पक्के घर नाही त्यांच्यासाठी आहेत. रमाई आवास योजनेचे २६९ चौरस फुटांचे घर ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला आधी मिळाले पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. आमच्यासारख्यांनी आहे ते घर सांभाळायचे.

तुकडा पडण्याआधीच्या दोन वर्षांत आम्ही दोनदा फसलो होतो, तेही सांगून टाकतो. एका वर्षी गळती थांबवून देणारा एक ठेकेदार आला, स्लॅबवर पांढरा चकचकीत रंग फासून गेला. पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड आले. दुसऱ्या वर्षी आतल्या ओल्या भिंतींवर जाड सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट मारून घेतला. भिंत चार महिने सुरेख दिसली. मग ओल चार फुटांवरून सहा फुटांवर चढली. दोन्ही वेळचे मिळून अडतीस हजार रुपये गेले. बोनस आणि भिशी, दोन्ही त्यात गेले.

तिसऱ्या खेपेला मात्र आम्ही वाडीतल्याच एका वयस्क गवंड्याला विचारले आणि सोबत भाच्याला घेतले. भाचा पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेऊन आलेला. गवंडीदादांनी घराला बाहेरून दोन फेऱ्या मारल्या, जोत्याजवळ बसून माती हातात घेऊन दाबली आणि आईला म्हणाले, "काकी, आधी पाणी कुठनं येतंय ता बघूया. सिमेंट काय पळून जात नाय."

सळई गंजते म्हणजे काय होते ते भाच्याने आम्हाला समजावले. चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंटमुळे चुन्यासारखा कडक क्षारपणा असतो. त्यात लोखंडावर डोळ्यांना न दिसणारे एक कवच तयार होते आणि ते लोखंडाला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि तो क्षारपणा कमी करीत जातो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की कवच जाते. त्यात मीठ असेल तर काम आणखी लवकर होते. आपल्याकडे त्या काळी खाडीची रेती न धुताच वापरली जाई, म्हणजे मीठ बांधतानाच आत घातलेले. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. तो काँक्रीटला आतून फोडतो. म्हणजे तुकडा वरून पाणी पडल्याने पडत नाही, आतल्या सळईने त्याला ढकललेले असते. त्यावर नुसते सिमेंट थापले तर गंज आत चालूच राहतो, आणि पुढच्या वेळी पडणारा तुकडा अधिक वजनदार असतो.

आमच्या स्लॅबला सळईखाली जेमतेम अर्धा इंच काँक्रीट होते. आजच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, आडोशाच्या जागीही ते किमान २० मिलिमीटर हवे आणि समुद्रकिनाऱ्याच्या हवेत ४५. वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८२ मध्ये सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण अंशतः उठले, पुरते उठायला १९८९ उजाडले. मधल्या काळात गरीब माणूस मिळेल तेवढ्या गोणीत घर बसवीत होता. रेती वाढत होती आणि सिमेंट कमी पडत होते.

पाण्याचा शोध

आता तपासणी. यातले बहुतेक घरच्या घरी होते, पैसा लागत नाही. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसा स्लॅब आणि गिलावा हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवायचा. घट्ट जागा टणक वाजते, सुटलेली जागा पोकळ वाजते. पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करायचा. आमच्या दोन खोल्यांत मिळून अकरा गोल झाले. डोक्यावर कापड बांधून आणि डोळे जपून हे करावे, कारण सैल तुकडा वाजवतानाच खाली येऊ शकतो.

भिंतीची ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायचीही एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा ओल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली. पाण्याचे थेंब आपल्या बाजूला धरले तर ओल घरातल्या दमट हवेची. आम्ही दोन ठिकाणी लावला. ओटीवरच्या भिंतीत मागून पाणी निघाले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बाजूला मात्र थेंब पुढून होते. तिथे भिंत निर्दोष होती. बंद खिडकी, चुलीची वाफ आणि पावसाळ्यात आतच वाळत घातलेले कपडे यांनी ती ओली केली होती. बाबासाहेबांच्या फोटोमागच्या पुठ्ठ्याला दरवर्षी बुरशी का येते, याचेही उत्तर तिथेच मिळाले. आता फोटो भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगला आहे आणि कपाटही वीतभर पुढे ओढले आहे. एवढ्यासाठी आम्ही मागे रंगाचे दोन डबे आणले होते.

स्लॅबचे पाणी कुठून शिरते ते पाहायला भाच्याने वर मातीचा छोटा बांध घालून एकेका भागात इंचभर पाणी दिवसभर साठवले. जास्त साठवू नये, कमजोर स्लॅबवर पाण्याचेही वजन होते. तीन जागा सापडल्या. पन्हळीचे तोंड आंब्याच्या पानांनी बुजलेले. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात भेग. आणि टीव्हीची छत्री बसवताना स्लॅबला पाडलेली चार भोके. ही भोके पाडून घेताना आम्ही स्वतः शिडी धरून उभे होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

पण सगळ्यात मोठे पाणी जमिनीतले निघाले. आपल्या पुष्कळ वाड्या गावाच्या उताराला, पाणी जिकडे वाहते त्या बाजूला आहेत. त्या तिथे का आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. आमच्या दारचा रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला आणि प्रत्येक वेळी चार-पाच इंच वर आला. आम्हीही चिखल नको म्हणून अंगणात माती भरीत गेलो. होता होता अंगण जोत्याच्या वर गेले आणि वरचे पाणी सरळ भिंतीच्या पायाशी येऊन थांबू लागले. जांभा चिरा मुळात सच्छिद्र. दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी ओढतो. आम्ही आतून सिमेंट आणि ऑइलपेंट लावून त्याचा बाहेर पडायचा मार्ग बंद केला, म्हणून ते आणखी वर चढले.

कामाचा क्रम

पावसात यातले काहीच करता येत नाही. फक्त पन्हळ साफ करणे आणि पोकळ भागाखालून माणसे हलवणे हे त्याच दिवशी करावे. आईचे अंथरूण आम्ही लगेच दुसऱ्या खोलीत नेले.

दिवाळीनंतर पहिल्याच रविवारी वाडीतल्या पोरांनी फावडी घेतली. अंगणाची माती जोत्याच्या नऊ इंच खाली उतरवली, घराच्या वरच्या बाजूने चर खणून पाणी ओढ्याकडे वळवले आणि भिंतीला लागून अडीच फुटांची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन घातली. खर्च झाला तो चहा, मटण-भाकरी आणि पट्टीच्या सिमेंटचा. सबंध दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त काम हेच झाले, आणि सगळ्यात जास्त गुणही याचाच आला.

मग आतला ऑइलपेंट आणि सिमेंटचा गिलावा पाच फुटांपर्यंत खरवडून काढला आणि भिंत उघडी सोडली. भिंत सुकायला एका इंचाला एक महिना असा जुना ठोकताळा आहे. आमची भिंत नऊ इंची, पण दोन्ही बाजूंनी उघडी होती. मार्चपर्यंत थांबलो. हे चार महिने आईला जड गेले. येणारे-जाणारे विचारीत, "पैसे संपले काय गो?" तिला घर उघडेनागडे दिसल्याची लाज वाटे. भिंतीवर मीठ फुटून पांढरा थर येई, तो ती कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत भरून लांब टाकी. हे मीठ पाण्याने धुऊ नये, पुन्हा आत जाते. पावसाळ्यातल्या दमट हवेतून पाणी ओढणारेही तेच, म्हणून ते जितके निघेल तितके काढावे.

आतून आम्ही चुन्याचा गिलावा केला. सिमेंटच्या कडक गिलाव्यापेक्षा तो भिंतीला श्वास घेऊ देतो. चुना जाणणारा गवंडी आता शोधावा लागतो, आमच्या दादांना येत होते हे आमचे नशीब. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळतो, तेव्हा लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. बाहेरून चिरा उघडाच ठेवला आणि दर्जा भरून घेतल्या. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खोबण पाडली. पाणी तिथे तुटून खाली पडते, भिंतीकडे येत नाही.

स्वयंपाकघर आम्ही २००३ साली सिमेंटच्या ब्लॉकचे वाढवले होते. जुनी चिऱ्याची भिंत आणि नवी ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यात वरपासून खालपर्यंत भेग होती. अशी सरळ भेग दोन वेगळ्या भिंती वेगवेगळ्या हलतात म्हणून पडते, ती सहसा घाबरण्यासारखी नसते. सांधा खोलून, वर जाळी मारून, सहाला एक मालाचा गिलावा केला. सिमेंट जास्त घातले म्हणजे काम पक्के होते ही समजूत खोटी आहे. जास्त सिमेंटचा गिलावा सुकताना अधिक आकसतो आणि तडकतो. ब्लॉकच्या भिंतीत जिन्यासारखी पायरी-पायरीने चढणारी तिरकी भेग असेल तर मात्र पाया खचत असण्याची शक्यता असते. अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून तारीख लिहावी. काच फुटली तर घर अजून हलते आहे. मग इंजिनिअरला बोलवावे.

स्लॅबच्या दुरुस्तीबद्दल थोडे सावध सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आधी खाली टेकू लावले. मग खडूच्या गोलांपैकी एका वेळी एकच छोटा भाग घेतला. सैल काँक्रीट छिन्नीने काढले, आणि तेही सळईच्या वरच्या बाजूला बोटभर पोकळी होईपर्यंत. नुसती सळईची खालची बाजू उघडी करून भरले तर वरची बाजू गंजतच राहते. तारेच्या ब्रशने सळई चकाकेपर्यंत घासली. दोन सळया चौथाईहून अधिक झिजल्या होत्या, तिथे भाच्याने नव्या सळईची जोड दिली. गंजरोधक लेप लावला. मग दुधासारखे दिसणारे पॉलिमरचे द्रव मिसळलेला माल पातळ थरांत, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा, असा दाबून भरला. रेती खाडीची घेतली नाही, क्रश सँड घेतली. गोणीवरची तारीख पाहिली, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत केली.

छताला ओले गोणपाट बांधता येत नाही, तेव्हा पाणी मारायचे कसे हा प्रश्न आला. आईने फवारणीचा नवा पंप आणवला आणि दिवसातून चार वेळा, दहा दिवस, स्वतः फवारा मारला. हल्ली बाजारात राखमिश्रित सिमेंटच जास्त मिळते, त्याला सात दिवस पुरत नाहीत, दहा तरी हवेत. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी निघून जातो. दहा दिवस पाणी मारतो तो घरचाच माणूस.

वर काय घालायचे यावर घरात वाद झाला. आमच्या मेहुण्यांचे म्हणणे विटांचा कोबा घाला, मुंबईत सगळे तेच करतात. भाचा ऐकेना. चार इंची कोब्याचे वजन चौरस फुटाला पंधरा किलोच्या वर जाते आणि आधीच दुबळ्या स्लॅबवर ते चढवणे म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर पोते देणे. शेवटी हलक्या पाइपांवर पत्रे घातले. मध्ये हवा खेळते, स्लॅब तापत नाही आणि भिजतही नाही. पण पत्रे घालणाऱ्यांनी ३ जून २०२० चे निसर्ग वादळ विसरू नये. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत त्या दिवशी नुसते वर ठेवल्यासारखे पत्रे कागदासारखे उडाले. पाइप स्लॅबच्या कडेला आणि भिंतींना पक्के बांधून घ्यावेत. त्यासाठी स्लॅबला भोके पाडायची वेळ आलीच तर ती जागा त्याच दिवशी नीट बुजवून घ्यावी. आम्हाला त्याचा अनुभव आहेच.

काही गोष्टी मात्र घरी करायच्या नाहीत. स्लॅब मधोमध खाली वाकला असेल, सळई तुटून लोंबत असेल, तुळईला भेग असेल किंवा चांगला लागणारा दरवाजा अचानक लागेनासा झाला असेल तर त्या खोलीत झोपू नये. आणि अशा वेळी गवंड्यावर विसंबू नये. इंजिनिअरची फी जाते ती एकदाच. ओल्या भिंतीतली वायर हेही एक मरणच आहे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण बसवून घ्यावे. बुरशी धुताना आपल्या भगिनी ब्लीचिंग पावडर आणि संडासचे अॅसिड एकत्र करतात, तसे कधीही करू नये, त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

आमचा दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या घराच्या खर्चाच्या जवळपासही गेला नाही, तरी तो काही थोडा नव्हता. दीराने अर्धा उचलला. बाकीचा आम्ही तीन हप्त्यांत फेडला. पहिले अडतीस हजार हाती असते तर एकही हप्ता लागला नसता.

दुरुस्तीनंतर पहिला पावसाळा पार पडला. ओटीची भिंत हाताला कोरडी लागते, आईचा सकाळचा खोकला कमी झाला आहे, आणि ती पुन्हा त्याच जागी तांदूळ निवडत बसते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मात्र ओलीचा एक डाग अजून आहे. आईने त्याच्या कडेने कोळशाने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली आहे. गेल्या महिन्यात डाग रेघेच्या बाहेर दोन बोटे गेला, तेव्हा तिने दुसरी रेघ मारली. गवंडीदादांनी दिवाळीनंतर यायचे कबूल केले आहे.